पान शंभरातलं एक घेतं

“झाड म्हंजे काय, शंभरातलं एक घेणार अन् नव्याण्णव सांडणार. असलं मशीन आपल्या लाइनवर असतं तर कवाच भंगारात गेलं असतं.”

हे वाक्य मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उभी राहून ऐकलं. माझ्या हातात ओल्या कपड्यांची बादली होती. बोलत होते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका, ऐकत होते माझे पप्पा, आणि दोघे उभे होते आईच्या झाडांसमोर.

“एकच टक्का?” पप्पांनी विचारलं.

“त्यो सोलरवाला पोरगा म्हणत हुता. पॅनल वीस घेतं. झाड एक. लई झालं तर दोन.”

“मग टॅग लावावा लागतंय.”

“लावा की. पण वहिनी?”

“नियम म्हणजे नियम,” पप्पा म्हणाले. आवाज मात्र त्यांनी बारीक केला होता.

मी लपून ऐकत नाही. मी फक्त लवकर पुढे येत नाही, आणि तोपर्यंत लोक बोलून मोकळे होतात. त्या दिवशीही दोघे जिना उतरून गेल्यावर मी कपडे वाळत घातले आणि मग झाडांकडे पाहिलं. रंगाच्या रिकाम्या ड्रममध्ये लिंबू, दुसऱ्या ड्रममध्ये कढीपत्ता, थर्माकोलच्या खोक्यांमध्ये पालक, मेथी, कोथिंबीर, कोपऱ्यात जिन्याच्या खोलीच्या आडोशाला अळू. नव्याण्णव टक्के सांडत असल्याची त्यांच्या चेहऱ्यावर काही खूण नव्हती.

आम्ही चिखलीत राहतो. चार मजल्यांची इमारत, आणि जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कंपनीत. प्रेस शॉप, पेंट शॉप, फोर्जिंग. त्यामुळे सोसायटीसुद्धा कंपनीसारखीच चालते. टाकी धुण्याचं शेड्यूल जिन्यात लावलेलं असतं. एकदा पाण्याचा पंप बंद पडला तेव्हा कमिटीने कंपनीच्या रिवाजाप्रमाणे पाच वेळा ‘का’ विचारलं. पंप का बंद पडला, वायंडिंग का जळलं, असं करत करत पाचव्या ‘का’ला सगळे बिल्डरपाशी पोचले. मग चहा झाला आणि मेकॅनिकला फोन केला.

लाल टॅग हाही तिथलाच रिवाज. शॉपमध्ये जी वस्तू कामाची वाटत नाही तिच्यावर लाल कार्ड लटकवतात. त्यावर वस्तूचं नाव लिहायचं, कारण लिहायचं. लगेच फेकायचं नाही. महिनाभर वाट बघायची. तेवढ्यात कुणी उभं राहून सांगितलं की ही वस्तू मला लागते आणि अशासाठी लागते, तर टॅग निघतो. नाही तर वस्तू भंगारात जाते. ज्याने टॅग लावला त्याला तो स्वतः काढता येत नाही, हा त्यातला पक्का नियम. नाही तर प्रत्येक जण आपल्या लाडक्या पान्याला वाचवेल, असं पप्पा सांगतात.

पप्पा चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला सुपरवायझर आहेत आणि या टॅगवर त्यांचा जीव आहे. आमच्या घरात प्रत्येक बटणाखाली ते कशाचं बटण आहे हे लिहिलेलं आहे. मसाल्याच्या डब्यांवरही त्यांनी नावं लिहिली, तेव्हा आईने ‘हळद’ लिहिलेल्या डब्यात जिरं भरलं आणि आजतागायत तिथेच ठेवलं. घरात ती आणि मी सोडून कुणाला फोडणी देता येत नाही, ते त्यामुळे.

सोलर पॅनल बसवायचं ठरलं तेव्हा गच्ची रिकामी करायची म्हणून कमिटीने टॅग छापून घेतले. तुटका कूलर, फुगलेला कॅरम बोर्ड, कुणाच्या तरी घराचं जुनं दार, सगळ्यांवर लाल कार्डं लागली. आणि आईच्या सगळ्या झाडांच्या वतीने कढीपत्त्यावर. वस्तू: झाड. कारण: जागा जास्त, वापर कमी. अक्षर पप्पांचं.

संध्याकाळी आई पाणी घालायला वर गेली आणि जेवढ्या वेळात खाली यायला हवी त्याच्या आधीच आली. तिच्या हातात काही नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, “कढीपत्त्याचा वापर कमी?”

पप्पा टीव्ही बघत होते. “ते सगळ्यांवर लागलेत.”

“रोज फोडणीत मी काय घालते? तुमचं कार्ड?”

“अगं, ते जागेच्या हिशेबानं लिहिलंय.”

“बरं.” आई एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोह्यांत कढीपत्ता नव्हता. आमटीत नव्हता. कोथिंबीरही नव्हती. पप्पांनी विचारलं तर आई म्हणाली, “वापर कमी केलाय.” दोन-तीन दिवसांनी बेडरूममधल्या त्यांच्या व्यायामाच्या सायकलच्या हँडलला एक लाल कार्ड दिसलं. वस्तू: सायकल. कारण: टॉवेल वाळवायला दोरी आहे. कार्ड आईने कुठून मिळवलं कळलं नाही. पप्पांनी ते वाचलं, काढलं नाही. नियमाप्रमाणे त्यांना हक्क सांगावा लागला असता, आणि ती सायकल शेवटची कधी चालवली हे त्यांनाच आठवत नव्हतं.

मला या सगळ्याचं हसू येत होतं, तळेगावच्या मावशीला केलेला फोन ऐकेपर्यंत. मी बाल्कनीत होते. आई आत म्हणत होती, “तुझ्या अंगणात जागा आहे ना, लिंबाचा ड्रम नेतेस का? यंदा पहिल्यांदाच फुलं आलीत. आणि गवती चहा पण घेऊन जा.” मग पलीकडचं ऐकून म्हणाली, “नाही गं, मला कशाला वाईट वाटायचं.”

आई-पप्पा लातूरकडचे. पप्पांना इथे कंपनी मिळाली, मला इथे इंग्लिश मीडियमची शाळा मिळाली, आणि आईला मिळाली गच्ची. संध्याकाळी ती वर जाते तेव्हा इमारतीतल्या आणखी तिघी-चौघी वर जातात. झाडांना पाणी घालायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ त्या वर असतात. खालून हसण्याचा आवाज येतो. कुणी मला बोलावलं तर मी येते म्हणते आणि जात नाही, पण तो आवाज बंद पडलेला मला चालणार नव्हता. महिना संपायच्या रविवारी मीटिंग होती आणि तिथे कुणी उभं राहिलं नाही तर झाडं जाणार होती, एवढा साधा हिशेब होता.

“तू बोल ना मीटिंगमध्ये,” मी आईला म्हटलं.

“मी? माझ्या झाडांसाठी मी हात वर करून परवानगी मागू? टॅग ज्यांनी लावला त्यांनी काढावा.”

“त्यांना काढता येत नाही.”

“मग ज्याला येतं त्याने काढावा,” आई म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. आईची ही पद्धत आहे. ती सांगत नाही, फक्त वाक्य जिथे ठेवायचं तिथे ठेवून जाते.

माझ्याबद्दल सांगायचं तर, मी चाकणला गाड्यांचे हेडलाइट बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला आहे. काळ्या रंगाची एक लांब खोली आहे. एका टोकाला दिवा लावायचा आणि दुसऱ्या टोकाला किती उजेड पोचतो ते मोजायचं. ही नोकरी मिळाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कारण त्या खोलीत कुणी गप्पा मारायला येत नाही. शाळेपासून माझं असंच आहे. शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या, आणि खाली पार्किंगमध्ये खेळायला गेलं की पोरं म्हणायची, “ए इंग्लिश मीडियम, आउट झाली तू.” दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं. मग तेच अंगवळणी पडलं.

पण उजेड हा माझा विषय होता, आणि तो एक टक्का मला सोडेना.

पहिल्यांदा वाटलं, सोलरवाल्याने आपला माल खपवायला काहीतरी ठोकून दिलं असणार. शोधलं तर ते खरं निघालं. शेतातली पिकं वर्षाकाठी अंगावर पडणाऱ्या उन्हातलं साधारण शंभरातलं एकच साठवतात, काही थोडं जास्त. मला झाडांच्या वतीने लाज वाटली. मग मी पुढे वाचत गेले, घरी, बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, आणि लाज हळूहळू गेली.

एका संध्याकाळी पप्पांनी विचारलं, “काय बघायलीस एवढं?”

मी फोन पुढे केला. इंग्रजी बघून त्यांनी तो परत दिला. “तू सांग.”

घरातल्या माणसांशी बोलायला मला अडचण येत नाही, पण हे सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीत होतं. मराठीत काय म्हणायचं ते मला सुचेना. शेवटी मी पप्पांच्याच भाषेत सुरुवात केली.

“पप्पा, समजा पान म्हणजे एक लाइन आहे. कच्चा माल ऊन. पण त्यातलं निम्म्याहून जास्त ऊन आपल्याला दिसतच नाही, नुसतं गरम लागतं. ते पानाच्या कामाचं नाही.”

“म्हणजे गेटवरच रिजेक्ट.”

“हो. उरलेल्यातलं थोडं पानावरून परत जातं, थोडं आरपार जातं. हिरवं सगळ्यात जास्त परत येतं, म्हणून पान हिरवं दिसतं.”

“बरं. पुढं?”

“पुढे दोन स्टेशनं आहेत. पहिलं ऊन पकडतं. ते एकदम फास्ट आहे. दुसरं त्या उन्हाच्या जोरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखर बनवतं. ते स्लो आहे. हवेत तो वायू असतोच किती थोडा, आणि पकडणारा कामगारही सावकाश. वर मध्येच चुकून ऑक्सिजन पकडतो. मग ते सोडवायला वेगळी मेहनत.”

“रीवर्क,” पप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

“रीवर्क.”

“मग लाइनचा वेग दुसऱ्या स्टेशनचा. पहिलं कितीबी पळू दे.” त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. “अन् हे किती वर्षं चालू हाय?”

“करोडो.”

“करोडो वर्षं अन् कुणी सुधारलं नाही?”

“सुधारलंय काहींनी. ऊस, मका, ज्वारी. त्यांच्यात त्या स्लो स्टेशनला तो वायू दाबून पुरवायची सोय आहे. तरी तीही फार पुढे जात नाहीत.”

“ज्वारी आपलीच,” पप्पा म्हणाले. सगळं श्रेय लातूरला देऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, “पण मग पहिल्या स्टेशनवर माल साठत असंल की. त्याचं काय करतंय पान?”

मला हाच प्रश्न हवा होता. “साठवता येत नाही. जास्तीचं ऊन आत राहिलं तर पान करपतं. म्हणून ते त्याची उष्णता करून सोडून देतं. बऱ्याच झाडांचं काम दुपारच्या आधीच्या उन्हात पूर्ण वेगाला पोचतं. त्याच्यावर ऊन वाढलं तरी काम वाढत नाही, फक्त सोडून द्यायचं वाढतं.”

पप्पांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग म्हणाले, “आणि जे कमावतंय त्यातनंच स्वतःची पानं, स्वतःची मुळं. दुरुस्ती पण स्वतःच.”

“तेही त्यातूनच. कमाईतला मोठा हिस्सा स्वतः जगायलाच जातो.”

“पॅनल कुठं स्वतःचं पॅनल बनवायलंय.” ते आत बघत म्हणाले. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला.

त्या रात्रीच्या जेवणात मुद्दा निघाला तो पप्पांकडूनच. झाडांना दुपारचं ऊन लागतच नसेल, तर पॅनल उंचावर बसवून झाडं खाली ठेवली तर? आईने ताटावरून मान वर केली.

“उन्हाळ्यात मी पालकावर जुनी साडी बांधतेच की.”

“तेच म्हणायलोय.”

“पण साडीतून ऊन झिरपतं. पॅनल म्हणजे पत्रा. खाली अंधार. अंधारात अळंबी उगवतात, मेथी नाही.”

ती बरोबर बोलत होती. मलाही उत्तर माहीत नव्हतं. पण आमच्या घरात उत्तर माहीत नसलं की काय करायचं हे ठरलेलं आहे. ट्रायल घ्यायची.

मी लॅबच्या सरांना मेल लिहिली. आमची टेबलं समोरासमोर आहेत. उजेड मोजायचा जुना लक्स मीटर काही आठवडे घरी नेऊ का, असं विचारलं. सरांनी मेल वाचली, मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मेलवरच उत्तर दिलं, “ने.” ते फार समजूतदार आहेत.

गच्चीवरचं जुनं दार कामी आलं. पप्पांनी रंगाऱ्याकडून त्याचे उभं राहायचे दोन लाकडी घोडे आणले आणि त्यांवर ते आडवं टाकलं. मग मेथीची दोन खोकी पेरली, माती एकच, पाणी एकच, एक उघड्यावर आणि एक दाराखाली. पालकाचं एक खोकं आत सरकवलं आणि टोमॅटोचं एक रोप. पप्पांनी खडूने जमिनीवर चौकटी आखल्या आणि आत ‘ट्रायल – हात लावू नये’ असं लिहिलं. मी सुट्टीच्या दिवशी मीटर घेऊन वर बसायचे. डोक्यावर ओढणी, हातात मीटर, आणि समोरच्या इमारतीतल्या आजी गॅलरीतून बघायच्या. एकदा त्यांनी ओरडून विचारलं, “काय गं, ताप मोजतेस का उन्हाचा?” मी मान हलवली. तसंच काहीसं होतं.

पहिल्या दुपारी मीटर दाराखाली धरला आणि माझं धैर्य खचलं. उघड्यावर आकडा लाखाच्या घरात, दाराखाली त्याचा दहावा भागही कसाबसा. आईचंच खरं, असं वाटलं. पण सकाळी वर गेले तर तिरपं ऊन थेट दाराखाली शिरून मेथीच्या खोक्यावर लोळत होतं. संध्याकाळी पुन्हा पलीकडच्या बाजूने. दार फक्त दुपार अडवत होतं. मोजायच्या खोलीत दिवा एका जागी ठेवलेला असतो, त्यामुळे सूर्य चालतो हे माझ्या डोक्यातून गेलंच होतं.

पुढचे आठवडे मी मेथीकडे जितकं पाहिलं तितकं कुणाकडे पाहिलं नसेल. उघड्यावरची दुपारी माना टाकायची आणि संध्याकाळी सावरायची. तिच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. दाराखालची थोडी लांब, थोडी नाजूक झाली, पण ताठ. पालक तर रुंद पानं करून बसला. टोमॅटोने मात्र नाव काढलं नाही. तो उजेडाकडे वाकत वाकत उंच झाला आणि त्याला एक फूल धरेना.

“हे लपवायचं नाही,” पप्पा म्हणाले. “फेल ते फेल लिहायचं.”

आई इतके दिवस ट्रायलकडे काणाडोळा करत होती. एका संध्याकाळी तिने वाकून दोन्ही खोक्यांतलं एकेक पान खुडलं, चावलं, आणि दाराखालच्या खोक्याकडे बोट करून म्हणाली, “ही कोवळी आहे.” मग टोमॅटोकडे पाहिलं. “हा पोरगा कडेला ठेवावा लागेल. लिंबू, कढीपत्ता आणि मिरची पण. दक्षिणेकडे.” ट्रायलचा निकाल तिने असा लावला. त्या दिवशी मेथीची भाजी झाली आणि आमटीत कढीपत्ता परत आला, पण सायकलवरचं कार्ड तसंच राहिलं.

आता प्रश्न होता लोखंडाचा. तळमजल्यावर राहणाऱ्या चाचांचं पुढच्या गल्लीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, शेड ते बनवतात, आणि पॅनलखालचा सांगाडाही तेच बनवणार होते. मी वर्कशॉपच्या दारात जाऊन उभी राहिले. वेल्डिंग चालू होतं, म्हणून मी थांबले. वेल्डिंग थांबलं तरी मी थांबलेच होते. शेवटी चाचांनी तोंडावरची काच वर केली.

“क्या हुआ बेटा, आईने पाठवलं?”

“नाही. मला विचारायचं होतं. पॅनल डोक्यापेक्षा उंच बसवता येतील का?”

चाचांनी हातातली वेल्डिंगची दांडी खाली ठेवली. मग आतल्या माणसाला म्हणाले, “सुना क्या? ही बोलते. मी इतकी वर्षं समजलो, फक्त मान हलवते.”

दोघे हसले, पण ते हसणं वाईट नव्हतं. त्यांनी एका पत्र्याच्या तुकड्यावर खडूने गच्ची काढली. नुसते पाइप लांब करून चालत नाही, वारा पॅनलला पतंगासारखा धरतो. खांब बीमवर घ्यावे लागतील, तिरके आधार द्यावे लागतील. थोडं जास्त लोखंड, थोडे जास्त दिवस. “पण होईल. उंच केलं तर खाली चाची पापड पण वाळत घालेल.”

“पापडाला ऊन लागतं, चाचा.”

“कडेला घालेल मग.” ते पुन्हा काच खाली घेत म्हणाले, “मीटिंगमध्ये पण बोल. मी हो म्हणेन. पण पहिलं तू बोलायचं. मी बोललो तर म्हणतील, चाचाला लोखंड खपवायचंय.”

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मी मागे, पंपाच्या खोलीजवळ बसले. आई मीटिंगला येणार नव्हती, पण नेमकी त्याच वेळी तिला गेटवर भाजीवाल्याशी बराच वेळ बोलायचं होतं. सोलरवाल्या मुलाने भिंतीला नकाशा लावला. सगळी गच्ची निळ्या चौकोनांनी भरलेली. पॅनल जमिनीपासून वीतभर उंच. कूलर गेला, कॅरम बोर्ड गेला, कुणी हक्क सांगितला नाही. दाराच्या वेळी पप्पा खाकरले, पण दार त्यांचं नव्हतं.

“आता झाडं,” सेक्रेटरी काका म्हणाले. “आमी कुणाच्या इरोधात न्हाई. पण शंभरातलं एक घेणाऱ्याला जागा द्यायची का वीस घेणाऱ्याला, एवढंच हाय. कुणाचं काय म्हणणं?”

कुणी तरी मागून म्हणालं, “अळूच्या वड्या कोण देणार मग, पॅनल?”

लोक हसले. “वड्या खायला सगळे, बोलायला कुणी न्हाई,” काका म्हणाले आणि त्यांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी दोन्ही हात वर करून दाखवले. टॅग त्यांचा होता. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. चाचा खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होते.

माझ्या डोक्यात पहिलं वाक्य इंग्रजीत तयार होतं. आठवडाभर घोकलं होतं. व्यवस्थित, आकड्यांसकट. मी उठून उभी राहिले तेव्हा खुर्ची मागे सरकली, तिचा आवाज झाला, सगळ्या माना वळल्या आणि ते वाक्य नाहीसं झालं.

“ही इंग्लिश मीडियम,” कुणी तरी शेजारच्याला कुजबुजलं, पण ते चिडवणं नव्हतं, ओळख करून देणं होतं.

“बोल की पोरी,” काका म्हणाले. “काय लागतं तुला? झाडं का पॅनल?”

गेटवर आईचं आणि भाजीवाल्याचं बोलणं थांबलं होतं. मी भिंतीवरच्या निळ्या चौकोनांकडे पाहिलं आणि जसं सुचलं तसं, घरात बोलते तसं म्हणाले, “दोन्ही लागतात, काका. पॅनल डोक्याच्या वर बसवा, चाचा खांब बीमवर घेऊन देतील. मी तीन आठवडे मोजलंय. मेथी, पालक, अळू, सगळ्यांना सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन पुरतं. टोमॅटोला पुरत नाही, तो कडेला ठेवू. दुपारचं ऊन झाडं तशीही सोडूनच देतात, ते तुम्ही घ्या.”